कुसुम, तो हात कुणाचा होता

कुसुम, तुला जाऊन आज अकरा दिवस झाले. काल सकाळी आमच्या ह्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "आता तरी तिले खरं सांगून टाक. सोळा वर्षं मी फुकटचं ऐकून घेतलं."

"आता कशी सांगू? गेली ना थे," मी म्हटलं.

"मंग लिहून काढ. मास्तरीण होती. लिहिलेलं दिसलं का वाचल्याशिवाय राहायची नाही."

म्हणून बसले आहे लिहायला. तुझ्यासारखं मुद्देसूद मला जमायचं नाही, हे आधीच सांगते. तू कुठल्याही गोष्टीची सुरुवात जगाच्या पार पलीकडून करायचीस. कुठल्याशा देशात बायकांनी मताच्या हक्कासाठी स्वतःला लोखंडी जाळीला बांधून घेतलं, कुठे काळ्या माणसांनी बसच्या मागच्या बाकावर बसायला नकार दिला आणि ती वर्षभर पायी चालली, आपल्याकडे माणसं ओंजळभर पाण्यासाठी तळ्यावर चालून गेली, असं करत करत तू आपल्या हुडको कॉलनीत यायचीस, आपल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये शिरायचीस आणि थेट आमच्या पुऱ्यांच्या कढईपाशी येऊन थांबायचीस. मी म्हणायचे, "कुसुम, भल्ली दुरून आली वो, आता पाणी पी." तू आधी चिडायचीस आणि मग हसायचीस. ते हसणं गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकू जायचं.

पण पुऱ्यांपाशी तू बरोबरच येऊन थांबायचीस, हे मला आता मान्य आहे.

मंडळाच्या नियमांच्या वहीत बायकांनी मत देऊ नये असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. उलट 'सर्व प्रौढ सभासद' असं छान वळणदार अक्षरात लिहिलं होतं. फक्त व्हायचं काय, की दिवाळीनंतरच्या रविवारी आमसभा अकराला सुरू व्हायची. अहवाल वाचून, गेल्या वर्षीच्या कुरबुरी काढून होईपर्यंत साडेबारा वाजायचे आणि मग मतदान. साडेबाराला आम्ही सगळ्या मागच्या स्वयंपाकघरात. तेल तापलेलं, पुऱ्या लाटून ठेवलेल्या. पुढे हॉलमध्ये हात वर व्हायचे, टाळ्या वाजायच्या, आणि वाढपाच्या खिडकीतून कोणीतरी डोकावून सांगायचं, "लांजेवारजीच झाले बरं का पुन्हा सचिव. पुऱ्या येऊ द्या." आम्ही म्हणायचो, "हो का? बरं झालं." आणि पुऱ्या द्यायचो. कितीतरी वर्षं हे असंच चाललं आणि आमच्यातल्या एकीलाही त्यात काही वावगं दिसलं नाही.

तू आमच्या गल्लीत राहायला आलीस त्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. काकडी चिरता चिरता तू विचारलंस, "निर्मला, मतदान केव्हा होते वो?"

"आपण पुऱ्या तळतो तेव्हा."

तुझी सुरी थांबली. "दर वर्षी?"

"हाव. दर वर्षी."

"आन तुमाले कोणालेच काही वाटलं नाही?"

"वाटलं ना. पुऱ्या गरम वाढल्या पाहिजे असं वाटलं."

तू माझ्याकडे असं पाहिलंस, जसं तू पहिलीतल्या पोराकडे पाहत असशील. रागावून उपयोग नाही, पण सोडूनही देता येत नाही, असं. मग तू रीतसर अर्ज केलास, मतदान सकाळीच उरकावं म्हणून. लांजेवारजींनी तोंडी उत्तर दिलं, "बायायले अडवलं कोणी? यावं ना खुशाल. कढई त्यायलेच सोडवत नाही." हे वाक्य तू मला गल्लीत तीनदा म्हणून दाखवलंस, तिन्ही वेळा वेगवेगळ्या आवाजात. तिसऱ्या वेळी तर हुबेहूब लांजेवारजी. मी हसून हसून भिंत धरली.

पुढच्या वर्षी तू अर्जबिर्ज काही केला नाहीस. सचिवपदासाठी स्वतःचं नाव दिलंस, आणि बरोबर सव्वाबाराला स्वयंपाकघरात येऊन तिन्ही शेगड्यांच्या गॅसच्या चाव्या बंद केल्यास. आम्ही ओरडलो. तू म्हणालीस, "तेल पुन्हा तापते. चला." आम्ही चौदा जणी पदराला हात पुसत तुझ्यामागून हॉलमध्ये. बसायला खुर्च्या नव्हत्या, म्हणून भिंतीला टेकून उभ्या राहिलो, वर्गाबाहेर काढल्यासारख्या. अध्यक्ष घाबरून उठले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो, "पुऱ्या?"

"पुऱ्या मतानंतर," तू म्हणालीस.

एवढ्यावर तू थांबली असतीस तर सोन्याहून पिवळं झालं असतं. पण तुला भाषण करायचं होतं. मीही मान डोलावत ऐकत होते, अगदी तळ्याच्या पाण्यापर्यंत. आणि शेवटी तू म्हणालीस, "मी निवडून आली तर पुढच्या वर्षीपासून जेवण दुर्गच्या केटररकडून येईन. हे मागचं स्वयंपाकघर बंद. कुलूप लावा. बाया इथी खुर्चीवर बसतीन."

हात वर झाले. बायकांचे सगळे हात कणकेने पांढरे, मोजायला अगदी सोपे. तू एका मताने हरलीस. आणि लांजेवारजींच्या बाजूने वर झालेल्या हातांमध्ये एक पांढरा हात माझा होता.

तू वळून पाहिलंस. मग स्वयंपाकघरात आलीस, म्हणालीस, "निर्मला, तेल तापव." आणि त्या दिवशी चार पुऱ्या खाल्ल्यास. हरलेल्या माणसाने इतकं पोटभर जेवलेलं मी दुसऱ्या कोणाला पाहिलं नाही.

त्याच संध्याकाळी तू माझ्या ओट्यावर येऊन बसलीस. तू हळूच म्हणालीस, "भाऊजीनं सांगून ठेवलं होतं ना? लांजेवारजी त्यायचे जुने दोस्त." किती मायेने म्हणालीस ते! मला ते तयार उत्तर आयतं मिळालं, आणि मी ते घेतलं. नुसती मान खाली घातली. कुसुम, त्या दिवशी आमचे हे पहाटेच कारखान्यात फर्स्ट शिफ्टला गेले होते. आमसभा आहे हेसुद्धा त्यांच्या लक्षात नव्हतं.

तिथून त्यांच्या मागे तुझा ससेमिरा लागला. संक्रांतीला तिळगूळ देताना, "भाऊजी, बायकोचा हात आता तरी मोकळा सोडा." रस्त्यात भेटले की, "काय भाऊजी, आज कोणाचा हात वर करून राहिले?" पहिल्या वेळी ते गोंधळून घरी आले आणि विचारलं, "बाई मले असं कावून म्हणून राहिल्या?" मी सगळं सांगितलं आणि वर हात जोडले, की आता चालू द्या. त्यांनी सोळा वर्षं चालू दिलं. तू बोलायचीस, ते डोकं खाजवत हसायचे. तुला वाटायचं माणूस ओशाळला. माणूस ओशाळला नव्हता. तो मनातल्या मनात माझ्याकडून एकेक वाटी श्रीखंड वसूल करत होता.

आता खरं सांगते. तो हात माझाच होता, आणि तो स्वयंपाकघरासाठी वर झाला होता.

तुला शिफ्टवाल्याचं घर कसं असतं ते माहीत नव्हतं. तुझं माहेर रेल्वे क्वार्टरमधलं, गाडी आली-गेली की सगळं घर मोठ्याने बोलणार. आमच्याकडे नाइट शिफ्ट करून आलेला माणूस दिवसा झोपलेला. भांडं आपटायचं नाही, रेडिओ लावायचा नाही, पोरांनी भांडायचं तरी कुजबुजत भांडायचं. सासूबाई तर लाटण्याचा आवाज झाला तरी डोळे वटारायच्या. लग्नानंतरची किती वर्षं मी दबक्या आवाजात जगले. मंडळाचं ते पत्र्याचं स्वयंपाकघर ही एकच जागा होती जिथे मी झारा आपटू शकत होते, ओरडून मीठ मागू शकत होते, खोखो हसू शकत होते. तिथे माझं राज्य होतं. आणि तू भर सभेत म्हणालीस, कुलूप लावा.

हे तुला तेव्हाच सांगायला काय झालं होतं? तू भांडली असतीस. माझी रेवडी उडवली असतीस. "पिंजऱ्यात गाणं म्हणायले मिळते म्हणून पिंजरा पाहिजे का तुले?" असं काहीतरी म्हणाली असतीस आणि मीही तुला चार शब्द सुनावले असते. आपण दोन दिवस बोललो नसतो आणि तिसऱ्या दिवशी तू हिंग मागायला आली असतीस. एवढंच झालं असतं. पण नवऱ्याच्या धाकातली बिचारी होणं मला सोपं वाटलं. तू मला मत मिळवून दिलंस, आणि मी ते दिलं तर दिलं, पण माझं म्हणून कबूलही केलं नाही.

पुढच्या वर्षी तू निवडून आलीस, चांगली दणकून. तेव्हा मी तुलाच मत दिलं. केटरर आला. खुर्चीवर बसून मी त्याचा तो पाणचट रस्सा खाल्ला, आणि तुझ्याकडे बघून मुद्दाम वाहवा केली. तुझं तोंडही वाकडंच झालं होतं, पण कबूल करशील तर शपथ. दोन वर्षांनी तूच ठराव मांडलास, की जेवण पुन्हा आपणच करू, मात्र मतदान आधी, स्वयंपाक नंतर, आणि आलू सोलायला पुरुष. लांजेवारजी चष्मा सांभाळत आलू सोलताहेत हे दृश्य पाहायला मी आणखी दहा आमसभा केल्या असत्या. त्या दिवशी तू आत आलीस, बाह्या सारल्यास आणि कोणी काही म्हणायच्या आत कणकेची परात स्वतःकडे ओढून घेतलीस. मला वाटलं, सचिवबाई मिरवून राहिल्या. माझ्या डोक्यात तेव्हा काही प्रकाश पडला नाही. तो पडला परवा, तुझ्या शोकसभेत.

शोकसभा आपल्याच हॉलमध्ये झाली. तुला आवडली असती, कारण सगळे वेळेवर आले. एकेक जण उठून तुझ्याबद्दल चांगलं बोलत होता. आमच्यातलीच एक उठली, डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "कुसुमबाईसारखी काकडी कोणी चिरत नव्हतं. एकसारखे काप. किती वर्षं त्यायनंच चिरली."

आणि कुसुम, मला एकदम ती परात आठवली.

तुला काकडीच का मिळायची? काकडी, कांदा, लिंबू. कणीक मळायला तुला कोणी कधी बोलावलं नाही. 'तुमी नका बाई, तुमी शाळेतून थकून आल्या' असं म्हणून परात दुसरीकडे सरकायची. तुझ्या घरात बुद्धाची तसबीर होती आणि आमच्या बहुतेकींच्या देवघरात गणपती, एवढं कारण त्याला पुरत होतं. हेही कुठल्या वहीत लिहिलेलं नव्हतं. मी पाहत होते. पाहूनही मीठ मागत होते, हसत होते. जिथे मी मोकळी होते तिथेच तू चार वर्षं काकड्या चिरत बसली होतीस. तू कुलूप का लावायला निघाली होतीस ते मला आत्ता कळलं, आणि तूही मला ते कधी सांगितलं नाहीस. जगभरच्या लढ्यांच्या गोष्टी मला ऐकवल्यास, ही मात्र गिळून टाकलीस.

तुझ्या बाबांचं तू एकदा सांगितलं होतंस. गावात ते ओंजळ धरायचे आणि कोणीतरी वरून पाणी ओतायचं. मग रेल्वेत लागले, क्वार्टर मिळालं, लाइनीत सगळ्यांसाठी एकच नळ. तहान नसली तरी ते येता-जाता त्या नळाला तोंड लावून पाणी प्यायचे, आणि तुझी आई म्हणायची, 'बास करा, पोट फुटीन.' हे सांगताना तू पोट धरून हसली होतीस. मीही हसले. अशा माणसाची तू मुलगी, आणि मी तुझ्याविरुद्ध हात वर करून कारण सांगितलं नाही. मग तुझ्या मनात दुसरं कुठलं कारण आलं असेल? जे यायला नको ते आलं असेल का? म्हणूनच तू सगळं आमच्या ह्यांच्या डोक्यावर फोडलंस का? नवऱ्याचा धाक मानला की मैत्रिणीवर संशय घ्यावा लागत नाही. सोळा वर्षं तू त्यांना चिडवत राहिलीस, तेव्हा दर वेळी मला एक संधी देत होतीस, असं आता वाटतं.

शेवटच्या भेटीत तर सरळच विचारलंस. उशीला टेकून बसली होतीस, आवाज अगदी बारीक. "निर्मला, आता तरी सांग. थो हात तुयाच होता का?" मी म्हटलं, "आधी सूप पे." तू म्हणालीस, "हे उत्तर नाही होय." मी चमचा पुढे केला. तू प्यालीस. मला वाटलं, गुरुवारी सांगू. बुधवारी तू गेलीस. याबद्दल मला रडू येतं, आणि ते मी लपवत नाही.

म्हणून शोकसभेत मी उठले. मला बोलता येत नाही हे सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे लोक कौतुकाने बघत होते. मी म्हटलं, "सोळा वर्षांआधी कुसुम एका मतानं हरली, थे मत माहं होतं. मले कोणी सांगितलं नव्हतं. मले स्वयंपाकघर पाहिजे होतं. आन दुसरी गोठ. तिले आपण काकडी देत होतो आन कणीक देत नव्हतो, थे थकली म्हणून नाही. आपल्याले सगळ्यायले माहीत आहे कावून."

काकडीचं कौतुक करणारी खाली बघत होती. मग मागून आमचे हे उभे राहिले आणि अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "मी त्या दिवशी ड्युटीवर होतो, हे कृपया नोंदीत घ्यावं." सगळा हॉल हसला. तुझ्या शोकसभेत, कुसुम. आणि ते खाली बसता बसता मला म्हणाले, "असतो तर मी बाईलेच मत दिलं असतं." हे मला सोळा वर्षांत पहिल्यांदा कळलं!

तर आता तुझी सचिवाची जागा रिकामी आहे आणि त्या जागेसाठी मी नाव दिलं आहे. हसू नकोस. कोणी भरीला घातलं नाही, माझं मीच दिलं. काल दुपारी शेजारची रूपाली आली, ती कुम्हारीला स्कूटीने नोकरीवर जाते ती. घरात मराठी आणि दाराबाहेर पाऊल पडलं की हिंदी. दारातूनच म्हणाली, "काकू, सुना आपने नाम दिया है? बरं झालं. पण मी तुमाले मत नाही देणार हं."

मी म्हटलं, "कावून वो?"

"तुमी निवडून आल्या का आमाले दर कार्यक्रमाले पुऱ्या लाटायले बोलावसान. मले नाही आवडत. एकच तर संडे मिळते. तुमी केटरर आणत असान तर सोचूंगी."

तोंडावर सांगितलं, कुसुम. कारणासकट. आणि वर विचारलं, "चहा करून राहिल्या का?"

मला राग आला, खोटं कशाला बोलू. पुऱ्यांना नाही म्हणते! मी अर्धा तास तिच्याशी तावातावाने भांडले. आमचे हे आत झोपले होते, तरी आवाज खाली केला नाही. ती हलली नाही, मीही हलले नाही. चहा मात्र दोघींनी संपवला. जाताना ती म्हणाली, "काकू, नाराज नाही ना?"

"हाव, नाराज आहे," मी म्हटलं. "पुढच्या रविवारी आमसभेले ये. आन हात नीट वर कर. मोजणाऱ्याले दिसला पाहिजे."